शुक्रवारचं वजन

मक्केची उमराहची यात्रा करून परतून दोन दिवस झाले तरी दस्तगीर होटगीकरांनी एक निळी पिशवी कुणाला उघडू दिली नव्हती. खजूर वाटून झाले, झमझमच्या पवित्र पाण्याच्या बाटल्या शेजारीपाजारी गेल्या, नातवंडांना टोप्या मिळाल्या. पिशवी पलंगाखालीच राहिली. शुक्रवारी जुम्याची नमाज पढून आल्यावर त्यांनी ती स्वतः बाहेर ओढली आणि बायकोला सांगितलं, "मुख्तारला वर बोलव. नबीलाललाही."

"ट्रक भरतायत दोघं," जैतुनबी म्हणाल्या. "पाच वाजता गाडी सुटायची आहे."

"म्हणूनच बोलव."

त्याच वेळी त्यांची मुलगी तस्नीम अंगणात शिरत होती. मंगळवेढ्याहून एसटी वेळेवर आली होती, पण पुढे सात रस्ता चौकात रिक्षा अर्धा तास अडकली आणि रिक्षावाल्याने तेवढ्या वेळात तिला शहराचं सगळं राजकारण ऐकवलं. आता अंगणात ट्रक असा आडवा लावलेला होता की जिन्यापर्यंत जायला तिला अंग चोरावं लागलं. नई जिंदगी वस्तीतलं हे घर तसंच बांधलेलं होतं, खाली माग आणि वर माणसं. पूर्वी इथे चादरी निघत, मग टॉवेल निघाले. गेली चार वर्षं फक्त एहराम निघत होता, हजला आणि उमराहला जाणारे पुरुष अंगावर घेतात ती दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रं.

ट्रकजवळ शरणम्मा बसली होती. वीस वर्षं या घराच्या मालाच्या घड्या तिच्या हातून गेल्या होत्या.

"आलीस बाई?" ती म्हणाली. "वर जा लवकर. अप्पाजी लई गप हायत. मक्केहून आलेला माणूस असा गप नसतोय."

"दमले असतील."

"दमलेला माणूस झोपतोय की. ह्यांनी काल आख्खा दिस खिडकीतनं ट्रककडं बघून काढला."

*

तस्नीम वर आली तेव्हा सगळे जमले होते. मुख्तार दारातच उभा होता, हातात मोबाईल, सदऱ्यावर कापसाची तुसं. "अब्बा, दहा मिनिटं. खाली हमाल बसून आहेत."

"तागडी काढ," दस्तगीर म्हणाले.

मुख्तार हसला. या तागडीची या घराला सवय होती. दर शुक्रवारी, नमाजीला निघण्याआधी, अब्बा त्या आठवड्याच्या मालातला एक जोड मागवून घेत, भिंतीवरच्या पितळी तागडीत टाकत आणि वजन बघत. पाकिटावर छापलेलं बाराशे ग्रॅम भरलं की "अल्हमदुलिल्लाह" म्हणून टोपी घालत. ही रीत आजोबांच्या वेळेपासूनची आहे, असं मुलांना सांगितलेलं होतं. गुडघ्यांमुळे अब्बांनी खाली मागांवर फिरणं सोडलं त्याला तीन वर्षं झाली, पण शुक्रवारचं वजन चुकलं नव्हतं.

"आजचं राहिलं होतं होय?" मुख्तार म्हणाला. "आणतो एक जोड."

"आणू नको. जोड आहे."

त्यांनी निळी पिशवी उघडली. आतून निघालेला कपडा पांढरा होता, पण त्यातून पलीकडचा हात दिसत होता. काठाला होटगीकरांचा शिक्का होता.

मुख्तारचं हसू गेलं. तस्नीमने ते जाताना पाहिलं.

"टाक," दस्तगीर म्हणाले.

मुख्तारने एका पारड्यात बाराशेची वजनं ठेवली, दुसऱ्यात कपडा. वजनांचं पारडं खाड्‌कन खाली बसलं. तो एकेक वजन काढत गेला. काटा सरळ झाला तेव्हा पारड्यात साडेआठशे उरले होते.

"आता ऐका," दस्तगीर म्हणाले. "मक्केतला शेवटचा दिवस. आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी आपापला एहराम झमझमच्या पाण्यात बुडवून घेतला. लोक तसं करतात. घरी आणून ठेवतात, मेल्यावर त्यातच गुंडाळा म्हणून सांगतात. मीही बादलीत बुडवला. पाणी ताकासारखं झालं. मी ओतलं, पुन्हा भरलं. पुन्हा तसंच. बोटांना चिकट लागत होतं. शेजारी रजाक कंडक्टर उभा होता, त्याच्या एहरामालाही आपलाच शिक्का, पण बादलीतलं पाणी काचेसारखं. तो म्हणाला, दस्तगीरभाई, तुमच्या बादलीत काय पडलं?"

त्यांनी पारड्यातल्या कपड्यावर बोट ठेवलं. "बारा माणसं होती त्या खोलीत. सगळ्यांना माहीत होतं की मी एहरामवाला आहे. दहा दिवस मीच त्यांना सांगत होतो, चांगला एहराम कसा ओळखायचा ते."

"रजाककडेही आपलाच एहराम होता ना?" तस्नीमने विचारलं. "मग त्याचं पाणी स्वच्छ कसं?"

मुख्तार आईकडे वळला. बोलू नये ते तो बोलून गेला.

"अम्मी, ती हिरवी पिशवी कुणाला दिलीस?"

*

जैतुनबींना ती हिरवी पिशवी चांगली आठवत होती. निघायच्या आदल्या दिवशी मुख्तारने ती आणून त्यांच्या हातात दिली होती. "अब्बांचा जोड. वेगळा ठेवलाय." त्याच संध्याकाळी रजाक कंडक्टर निरोप घ्यायला आला. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, उमराहसाठी बायकोच्या पाटल्या मोडलेल्या, आणि एहराम म्हणून कुणाचा तरी वापरलेला मागून आणलेला. जैतुनबींना राहवलं नाही. त्यांनी हिरवी पिशवी त्याला दिली आणि खालून, गठ्ठ्यातून, नवऱ्यासाठी दुसरा जोड मागवून घेतला. घरचाच माल, एक काय आणि दुसरा काय.

आता त्यांना समजत होतं की एक काय आणि दुसरा काय.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "बापासाठी वेगळा. बाकीच्यांसाठी वेगळा."

"अम्मी, तसं नाही..."

"मग कसं? सांग की. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला समजेल असं सांग."

"भाभी, जरा शांत," नबीलाल म्हणाले. दस्तगीरांचे धाकटे भाऊ, कारखान्यात निम्म्याचे भागीदार. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठायच्या तयारीत. "बाजार बदललाय. सगळे हेच करतात. सूत थोडं बारीक घ्यायचं, धुलाई झाली की माल परत खळीच्या चिकट, पिठुळ पाण्यातून काढायचा, वाळवायचा. हाताला जाड लागतो, वजन भरतं. न केलं तर कारखान्याला कुलूप."

"चाचा, तुम्हालाही माहीत होतं?" तस्नीम म्हणाली.

"मी भागीदार आहे बेटा, पाहुणा नाही."

*

मुख्तारला आता राग येऊ लागला होता, आणि रागाने त्याला बरं वाटत होतं. पकडलं गेल्याची लाज त्याखाली दबत होती. चार वर्षं तो पहाटे उठत होता. मुंबईचा व्यापारी फोनवर ज्या भाषेत बोलतो ती या खोलीतल्या कुणी ऐकली नव्हती. पंचवीस माग भंगारात जाताना त्याने आजूबाजूला पाहिले होते. अब्बा वर बसून आठवड्यातून एकदा तागडी धरायचे आणि त्यांना वाटायचं, आपण दीन म्हणजे धर्म सांभाळला.

"बोलू का मी?" तो म्हणाला. "पाकिटावर काय छापलंय? बाराशे ग्रॅम. तुम्ही दर शुक्रवारी काय मोजलंत? बाराशे ग्रॅम. कधी पाच ग्रॅम कमी भरलं? माप पूर्ण द्या असा हुकूम आहे ना? मी पूर्ण दिलं. धुतल्यावर किती राहील याचा हुकूम कुठं आहे, दाखवा."

"शाब्बास," तस्नीम म्हणाली. "वकील व्हायला हवं होतंस तू."

"तू मध्ये पडू नको. तुझा पगार एक तारखेला खात्यात येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून धंद्याच्या गोष्टी करू नको."

"धंद्याच्या नाही करत, अल्लाहच्या कलामाच्या करते. माप मारणाऱ्यांना जी ताकीद आहे ती तुला पाठ आहे भैया, लहानपणी तूच मला म्हणून दाखवायचास. त्यात तागडीचं नाव घेऊन पुढे काय विचारलंय? यांना वाटत नाही का, की मेल्यावर आपल्याला उठवून उभं करणार आहेत? तुला वाटत नाही, एवढंच विचारते मी. बापाला खळीचा माल देताना तुझा हात थांबला, म्हणजे तुला कळत होतं. कुणाची भीती होती तुला? अब्बांची. फक्त अब्बांची."

"हौ, अब्बांची!" मुख्तार ओरडला. "कारण अब्बा वर बसून नमाज पढतात आणि खाली चाळीस घरं मी पोसतो! अब्बा, तुमची नमाज मला आता हेही शिकवणार का, की माझ्या मालाचं मी काय करायचं?"

मुख्तारला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. लहानपणी याच खोलीत, सतरंजीवर, अब्बांनी दोघांना शुऐब पैगंबरांची गोष्ट कितीदा सांगितली होती. मदयनचे व्यापारी मापात मारायचे. पैगंबरांनी टोकलं तर ते हसून म्हणाले, तुझी नमाज तुला हेही शिकवते का, की आमच्या मालाचं आम्ही मनासारखं करू नये? त्या ठिकाणी अब्बा नेहमी थांबत. मग हळूच म्हणत, आणि सकाळी धरणी हलली.

दस्तगीर उठले. पारड्यातला कपडा त्यांनी घडी घातला आणि मुख्तारच्या छातीशी धरला.

"घे. मी हा माझ्या कफनासाठी भिजवला होता. मी यात जाणार नाही. तू विणलायस, तू ठेव. तुला लागेल तेव्हा तुझी मुलं तुला यात गुंडाळतील."

"या अल्लाह!" जैतुनबींनी तो कपडा हिसकावला. "जित्याजागत्या पोराच्या हातात कफन देताय? मक्केला जाऊन हे शिकून आलात? त्यानं चूक केली, मान्य. पण माझ्या लेकराला असं बोलणारा माणूस मला माझ्या घरात नको!"

"चूक नाही केली त्यानं. लोकांना फसवलं. अल्लाहच्या दारात उभं राहायला निघालेल्या लोकांना."

"आणि तुम्ही काय केलं होतं भाईसाब?"

हे नबीलाल होते. ते आता उठून उभे राहिले होते. तीस वर्षांहून जास्त दाबून ठेवलेलं वाक्य होतं, आणि ते सुटल्यावर त्यांचा आवाज उलट शांत झाला.

"नबीलाल," दस्तगीर म्हणाले.

"नाही, आता ऐकू द्या यांना. पोराला कफन देता, मग ऐकू द्या. भाभी, हा वरचा मजला कधी चढला?"

"त्र्याण्णव साली," जैतुनबी म्हणाल्या. "का?"

"खळीच्या चादरींवर चढला. चार हजार चादरी. भाईसाबांनीच पाणी कालवलं होतं, मी बादल्या उचलत होतो. अब्बाजान तेव्हा अंथरुणाला खिळलेले, त्यांना पत्ताही नव्हता. आणि शुक्रवारचं वजन आजोबांपासून चालत आलंय म्हणून पोरांना सांगता! आमच्या अब्बाजाननी आयुष्यात कधी शुक्रवारी तागडी धरली नाही. त्यांना गरजच नव्हती."

जैतुनबींनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. बत्तीस वर्षं त्या ही फरशी पुसत आल्या होत्या.

"खरं आहे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

दस्तगीर पलंगावर बसले. तस्नीमला वाटलं, ते नाकारतील. क्षणभर तिला तेच हवं होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण त्यानं अर्धंच सांगितलं, कारण उरलेलं त्यालाही माहीत नाही. चादरी व्यापाऱ्याकडे गेल्या, मजला चढला आणि त्यानंतर महिनाभरात किल्लारीचा भूकंप झाला. पहाटे इथंही भिंती हलल्या, मी मुख्तारला उचलून जिन्यानं धावलो. दोन दिवसांनी आम्ही मशिदीतले दहाजण मदतीला गेलो. तिथं एका संस्थेनं चादरी पाठवल्या होत्या. गठ्ठा सोडला तर आपला शिक्का. मी माझ्या हातांनी त्या वाटल्या. रात्रभर पाऊस पडला. सकाळी एक बाई ढिगाऱ्यापाशी बसून चादर पिळत होती. पांढरं पाणी निघत होतं. तिनं पिळली, झटकली आणि माझ्यासमोर धरली. जाळी झाली होती. तिची दोन मुलं ढिगाऱ्याखाली गेली होती, तिसरं मांडीवर होतं, त्याला गुंडाळायला तिच्याकडे तेवढंच होतं. ती मला म्हणाली, भाऊ, दुसरी हाय का?"

जैतुनबींच्या मुठीत एहराम चुरगळला.

"किल्लारीची माणसं मापात मारणारी नव्हती," दस्तगीर म्हणाले. "जोंधळा पेरणारी माणसं. त्यांना कसली शिक्षा? भूकंपाला शिक्षा म्हणणाऱ्या मौलवीशी मी भांडलोय. पण मी जिवंत होतो आणि मला ते पाणी दाखवलं गेलं. त्या शुक्रवारी मी तागडी भिंतीला लावली. तुम्हाला खोटं सांगितलं, कारण लाज वाटली. आणि एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, जोड पाण्यात बुडवून मग तोलावा, हे मला सुचलं नाही. ज्यानं खळ कालवली होती त्याला सुचलं नाही! कोरडं वजन बघून अल्हमदुलिल्लाह म्हणत राहिलो. मक्केत ते पाणी मी दुसऱ्यांदा पाहिलं, मुख्तार. तिसऱ्यांदा दाखवतील असं मला वाटत नाही."

त्यांनी बायकोच्या हातातून एहराम परत घेतला.

"तुझी अम्मी बरोबर बोलली. हा तुझा नाही, माझा आहे. याच्यातच गुंडाळा मला. गुसल, शेवटची आंघोळ, झाली की ओल्या अंगावर तो आरपार दिसेल, सगळ्यांसमोर. आणि मोठा मुलगा तू आहेस. कबरीत उतरून मला हातात घेणारा तूच."

"अब्बा, हे असलं बोलून माझ्यावर जोर टाकता," मुख्तार म्हणाला.

"टाकतो. मला दुसरं येत नाही."

"तेव्हा तुम्ही चार हजार चादरी विकल्या, घर बांधलं, मग तोबा केली. मी तोबा करायची ती कारखाना बुडवून. हा कुठला न्याय?"

"न्याय नाही," दस्तगीर म्हणाले. "मी सुटलो असं तुला वाटतं, एवढंच."

*

मुख्तार जिना उतरला. मागे आई काहीतरी म्हणत होती, बहीण हाक मारत होती. चाचा त्याच्या मागोमाग आले आणि मधल्या पायरीवर त्यांनी त्याचा दंड धरला. "ट्रक जाऊ दे. भाईसाबांचा राग उतरेल. पुढच्या लॉटपासून बघू."

"चाचा, तुम्ही बादल्या उचलत होतात," मुख्तार म्हणाला. "तुम्हीही पुढच्या लॉटपासूनच बघणार होतात ना?"

नबीलालांनी हात सोडला.

अंगणात ड्रायव्हर दोर आवळत होता. मुख्तार ट्रकच्या सावलीत उभा राहिला आणि त्याने मुंबईला फोन लावला. तो एवढंच म्हणाला की माल आज निघत नाही. धुऊन, वाळवून, साडेआठशे ग्रॅमचं लेबल लावून तो देईल. घ्यायचा तर त्या वजनाच्या भावाने घ्या. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की ड्रायव्हरने दोर आवळणं थांबवलं. मुख्तारने सगळं ऐकून घेतलं, आईवरच्या शिव्यांसकट. मग पलीकडूनच फोन बंद झाला.

"गेली ऑर्डर?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोर सोड."

"ओ साहेब, सहा हजार जोड चढवलेत! माझं भाडं?"

"मिळेल भाडं. सोड म्हणतो ना!" आणि ड्रायव्हर हलला नाही तेव्हा त्याने स्वतः गाठीला हात घातला. गाठ सुटेना. त्याने दातांनी ओढली, मग खिशातल्या कटरने दोर कापला. पहिला गठ्ठा घरंगळून शरणम्मापुढे पडला.

तिने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे. खिडकीत दस्तगीर उभे होते. शेजारी जैतुनबी होत्या, पण हातभर अंतर ठेवून.

"काय करायचं ह्याचं, मुक्तारसाब?"

"हौद भर."

"समदी धुवायची?"

"समदी." तो वर न बघता, पण वर ऐकू जाईल एवढ्या जोराने म्हणाला, "आणि पाणी बदलू नको लगेच. पांढरं झालं तर होऊ दे. वरून दिसलं पाहिजे. बत्तीस वर्षं नुसतं कोरडं बघितलंय त्यांनी!"

शरणम्माने पदर खोचला आणि नळ सोडला. हौद अर्धा भरल्यावर मुख्तारने बाह्या वर केल्या, पहिला जोड उलगडला आणि दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरला. वरून जिना उतरल्याचा आवाज आला. तीन वर्षांत कारखान्याकडे न वळलेली पावलं होती, एकेका पायरीला थांबणारी. मुख्तारने मान वळवली नाही. थोड्या वेळाने शेजारी, हौदाच्या काठावर, म्हातारे हात टेकले.

"सरक," दस्तगीर म्हणाले.

"गुडघे दुखतील."

"सरक म्हटलं ना."

मुख्तार जेमतेम वीतभर सरकला. पाणी पांढरं होऊ लागलं होतं.